पाण्याखालचे पायडल आणि कार्यालयाचा प्रश्न

बाळकुमला आमच्या शेजारी राहणारा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा एक मुलगा मध्यंतरी एक आराखडा घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला. माणसाने पायाने चालवावयाच्या पाणबुडीचा तो आराखडा होता. त्याच्या अर्जावर महाविद्यालयाच्या कार्यालयाने शेरा मारला होता : ‘सदर वस्तूचा संस्थेस उपयोग काय?’ प्रश्न अर्थशास्त्राचा म्हणून तो माझ्या वाट्यास आला. ‘सर, दोन ओळी लिहून द्या,’ एवढेच त्याचे म्हणणे होते.

प्रथमदर्शनी हा पोरखेळ वाटेल. पण अशा पाणबुड्यांच्या विद्यार्थी-शर्यती १९८९ साली अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर सुरू झाल्या आणि १९९५ मध्ये मेरिलंड राज्यातील कार्डेरॉक येथे, अमेरिकी नौदलाच्या डेव्हिड टेलर चाचणी-टाकीत गेल्या. नौकांच्या प्रतिकृती पाण्यात ओढून पारखण्याची ही टाकी ज्या इमारतीत आहे, ती अर्ध्या मैलाहून लांब आहे. २०१२ पासून इंग्लंडमध्ये गॉस्पोर्ट येथेही अशा शर्यती भरू लागल्या. पाणबुडीचे कवच आतून पाण्याने भरलेलेच असते. चालक दाबलेल्या हवेच्या नळकांड्यातून श्वास घेत, पालथा पडून पायडल मारतो व दंतचक्रांवाटे मागचा पंखा फिरतो. त्याच्या हातातील मूठ सुटली की एक तरंगता खुणेचा गोळा आपोआप पृष्ठभागावर येतो व पाणबुडे मदतीस धावतात. २००७ साली माँट्रियलच्या विद्यार्थ्यांच्या ‘ओमेर ५’ने ताशी ८.०३५ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावरची साधी सायकलही एवढी धावते, असे कोणी म्हणेल. परंतु पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट असते. त्यात वेग दुप्पट करावयाचा तर विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. मासुंदा तलावात पायाने होडी हाकलेल्या ठाणेकरांच्या मांड्यांना हे गणित पाठ आहे. येथे मोठे इंजिन बसवून चूक झाकता येत नाही. माणसाच्या पायात शक्ती असते तेवढीच असते. जे काही कमवायचे ते कवचाच्या आकारातून, पंख्याच्या पात्यांतून आणि दंतचक्रांचे घर्षण वाचवून. आराखडा करण्याची विद्या याहून स्वस्तात कोठे शिकवता येईल, हे मला तरी ठाऊक नाही.

या विद्येची किंमत आपण जाणतो, कारण ती आपण मोजत आलो आहोत. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘शल्की’ व ‘शंकुल’ या पाणबुड्या १९९२ व १९९४ साली नौदलात आल्या. त्यांचा आराखडा जर्मन होता. त्यानंतर काम थांबले. पुढचा करार २००५ साली झाला तो फ्रेंच आराखड्याचा, आणि त्यातून २०१७ ते २०२५ या काळात ‘कलवरी’ वर्गाच्या सहा पाणबुड्या नौदलात आल्या. मधल्या वर्षांत शिकलेले हात पांगले. कसब हे असे भांडवल आहे की ते वापराविना झिजते. ‘अरिहंत’ आपण घडवली हे खरे. तरी नव्या आराखड्यासाठी परदेशाची दारे ठोठावणे संपलेले नाही.

मग उद्योगपती अशा स्पर्धांना पैसा का देत नाहीत? पीथमपूरला २००७ पासून विद्यार्थ्यांच्या ‘बाहा’ गाड्यांची स्पर्धा भरते व मोटार कंपन्या तिच्यामागे उभ्या राहतात, कारण तीच मुले पुढे त्यांच्याकडे नोकरीस येतात. मोटारीला ग्राहक हजारो. पाणबुडीला या देशात ग्राहक एकच, तो म्हणजे सरकार. जेथे क्रेता एकच असतो तेथे शिक्षणाचा खर्चही त्यानेच उचलावा लागतो. बाजार तो उचलणार नाही. मुंबईच्या आय.आय.टी.च्या विद्यार्थ्यांनी ‘मत्स्य’ हे आपले आपण चालणारे पाण्याखालचे यान घडवून अमेरिकेतील स्पर्धेत नेले, हे भूषणावह आहे, पण आय.आय.टी.चे साधनबळ तालुक्याच्या महाविद्यालयाला नसते. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत पाचशे मीटर लांबीची चाचणी-टाकी आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातही वेगमापकांची पारख करण्यासाठी लांब टाकी आहे. दोन वर्षांतून एक आठवडा यांपैकी एखादी टाकी विद्यार्थ्यांना उघडून द्यावी आणि सोबत नौदलाचे चार पाणबुडे द्यावेत, एवढीच मागणी आहे. कवायतीवरही याहून अधिक खर्च होत असेल.

धोक्याचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पाण्याखाली श्वास घेण्याचे रीतसर शिक्षण महाग आहे, आणि अभियांत्रिकीच्या कित्येक मुलांना साधे पोहताही येत नाही. उपाय नसला की मुले स्वतःच उपाय शोधतात. तरणतलाव मिळाला नाही तर कशेळीच्या पुलाखाली खाडीत उतरून पाहू, असे हा मुलगा सहज बोलून गेला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याचे आजोबा याच खाडीत जाळे टाकीत. पण भरती-ओहोटीच्या त्या गढूळ, चिखली पाण्यात हातभर अंतरावरचे दिसत नाही. तेथे मूठ सुटून खुणेचा गोळा वर आला तरी तो पाहणार कोण? तसे न करण्याचे वचन मी त्याच्याकडून घेतले आहे. वचनावर किती दिवस विसंबावे, हा प्रश्न उरतोच.

दोन ओळी मी लिहून दिल्या : ‘वस्तूचा उपयोग नाही. ती घडविणाऱ्याचा आहे.’ अर्ज पुन्हा गेला. आता कार्यालयाने काचतंतूच्या कवचासाठी तीन दरपत्रके मागविली आहेत.