साडेसातचं कुलूप

गेल्या पावसाळ्यात एका विज्ञान महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीच्या बैठकीला बाहेरची सदस्य म्हणून गेले होते. बैठक संपली तरी एम.एस्सी.च्या दोन मुली दारात घुटमळत होत्या. त्यांची तक्रार कुणा पुरुषाविरुद्ध नव्हती, वसतिगृहाच्या कुलपाविरुद्ध होती. असल्या तक्रारीला समितीच्या छापील अर्जात रकानाच नाही.

त्यांचा प्रकल्प मी आधी समजून घेतला, त्याशिवाय तक्रार कळण्यासारखी नव्हती. दुधातली साखर फोडणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेझ नावाचं एन्झाइम आहे. त्याची एकेक साखळी हजाराहून जास्त अमिनो आम्लांची. त्यातलं एकच आम्ल बदलायचं, म्हणजे जनुकात ठरवून उत्परिवर्तन घडवायचं, आणि एन्झाइमचा कामाचा वेग किती बदलतो ते पाहायचं. साखरेऐवजी त्याला एक रंगहीन रसायन देतात. ते फुटलं की द्रावण पिवळं होतं. पिवळेपणा किती भरभर चढतो, त्यावरून वेग मोजायचा. मला तर हे फारच आवडलं.

पण मोजायच्या आधी ते एन्झाइम जिवाणूंकडून बनवून घ्यावं लागतं. जिवाणू पुरेसे वाढले की नेमक्या वेळी त्यांच्यात एक रसायन घालायचं, काही तास थांबायचं, मग ते फोडून थंडाव्यात एन्झाइम वेगळं काढायचं. मध्येच टाकून गेलं तर केलेलं वाया जाऊ शकतं. दिवसभर तास आणि प्रात्यक्षिकं, तेव्हा हे सारं दुपारनंतरच. आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक साडेसातला बंद.

मग संध्याकाळचं काम गटातला मुलगा करतो. त्याच्या वसतिगृहाला कुलूप नाही. तो मुलगा चांगला आहे, हे दोघी पुन्हापुन्हा सांगत होत्या. असेलही. पण कुठलं आम्ल बदलायचं हे ठरवलं मुलींनी आणि हात बसला त्याचा. तोंडी परीक्षेत शुद्धीकरणाबद्दल प्रश्न आला तेव्हा उत्तर त्यालाच देता आलं.

मला कमला सोहोनी आठवल्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेल्या कमला भागवतांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या तेव्हा तो मिळाला, पण अटींवर. वर्षभर उमेदवारी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, काम आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित करायचं नाही! पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांना रात्री काम करण्याची सक्ती होती, या मुलींना बंदी आहे. रात्र कुणाची हे दोन्ही वेळा ठरवलं दुसऱ्यानेच.

प्राचार्य म्हणाले, पालकांचीच मागणी आहे. खोटं नाही ते. भीतीही खोटी नाही. रात्रीच्या प्रयोगशाळेत एकटी मुलगी आणि तिचे गुण हातात असलेला मार्गदर्शक, यात काय घडू शकतं हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यावर उपाय दिवे, सोबत, परत पोचवायला गाडी आणि जागी असलेली समिती. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला वस्तीतल्या बैठका रात्री नऊला घ्याव्या लागत, कारण बायकांचा स्वयंपाक त्याआधी उरकत नसे. तेव्हा रेक्टरबाई दर वेळी चिठ्ठी मागत. चिठ्ठी मिळायची, कारण समाजसेवेला रात्री परवानगी असते. मुलीच्या स्वतःच्या अभ्यासाला ती का नसावी?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१५ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे की, सुरक्षेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावू नयेत. हे कलम मी बैठकीत वाचून दाखवलं. सदस्यांपैकी कुणीच ते आधी वाचलेलं नव्हतं, आणि इतिवृत्तात घ्यायलाही बरीच खळखळ झाली. शेवटी घेतलं. आपल्यापैकी ज्या जणी अशा समित्यांवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला ही नियमावली सोबत न्यावी आणि मुलामुलींच्या फाटकांच्या वेळा लेखी मागाव्यात.

त्या दोघींना सध्या आठवड्यातून दोन दिवस साडेनऊपर्यंत सवलत मिळाली आहे, पालकांच्या सहीने. एकीच्या वडिलांनी अजून सही केलेली नाही.