बाजरीच्या दाण्यातलं लोह आणि आपलं ताट



आपल्या स्वयंपाकघरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे आपल्याला पाठ असतं. ते पिकवणाऱ्या बियाण्यात काय आहे, हे मात्र आपण कधी विचारत नाही. माझं म्हणणं असं की आता विचारायला हवं, आणि सगळ्यात आधी आपणच विचारायला हवं.

कारण रक्ताचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात हा आकडा 54 टक्के आहे. आपल्या ताटात मांस-मच्छी-अंडं नाही, कंदमुळं नाहीत, चातुर्मासात पालेभाज्याही नाहीत. मोड आलेली कडधान्यं अनेक घरांत वर्ज्य. नियम मोडा असं मी मुळीच म्हणत नाही. पण जेव्हा ताटातले पर्याय मोजके असतात, तेव्हा उरलेला प्रत्येक पदार्थ कसदार असावा लागतो. आपल्या बाबतीत तो पदार्थ म्हणजे भाकरी आणि डाळ.

आता बियाण्याकडे येऊ. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण दिलं. 2012 मध्ये ते महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं. त्याच्या 1 किलो दाण्यात साधारण 71 मिलिग्रॅम लोह असतं. 2018 पासून आपल्या देशात बाजरीचं नवं वाण मंजूर करताना किलोमागे किमान 42 मिलिग्रॅम लोह हवं, असा नियम आहे. म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर एका बाजरीतून 6 मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळेल आणि दुसरीतून 10 च्या वर. बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरली जाते. खाल्लेलं सगळंच लोह अंगी लागत नाही हे खरं, तरी हा फरक लहान नाही.

"हे जनुक बदललेलं बियाणं तर नाही ना?" हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. नाही. यात दुसऱ्या कुठल्या जीवाचं जनुक घातलेलं नाही. आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या जुन्या गावठी बाजरीतून निवडलेलं एक वाण आपल्याकडे 1988 पासून पिकत होतं. त्याच वाणातली जास्त लोहाची झाडं तपासून, निवडून, पुन्हा आपसात वाढवून धनशक्ती तयार झालं. आपल्या आज्या पुढच्या वर्षाच्या पेरणीसाठी चांगलं कणीस बाजूला काढून ठेवायच्या, तीच ही रीत. फक्त डोळ्यांच्या जोडीला प्रयोगशाळा आली. शिवाय हे संकरित वाण नाही, त्यामुळे शेतकरी घरचं बी राखून पुन्हा पेरू शकतो.

उपयोग होतो का, हेही तपासलेलं आहे. महाराष्ट्रातल्या निवासी शाळांमधल्या 12 ते 16 वयाच्या मुलामुलींना 6 महिने रोज जास्त लोहाच्या बाजरीचे पदार्थ, मुख्यतः भाकरी, देण्यात आले. सुरुवातीला ज्यांच्या अंगात लोह कमी होतं, त्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता साधी बाजरी खाणाऱ्या मुलांपेक्षा 64 टक्के जास्त दिसली. 2015 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

कुणी म्हणेल, गोळी घेतली की झालं. ॲनिमिया जास्त असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायलाच हवी, भाकरी तिची जागा घेत नाही. पण गोळीचा कोर्स संपतो, कुणाला त्याने मळमळतं, आणि कॅप्सूल जिलेटिनची आहे का हे पाहत बसावं लागतं. भाकरी रोजचीच आहे.

मग अडतंय कुठे? बाजारात. जास्त लोहाची बाजरी दिसायला वेगळी नसते, अडतीत सगळी एकाच ढिगात पडते. शेतकऱ्याला वेगळा भाव नाही, आणि जास्त उतारा देणारी संकरित वाणं हाताशी आहेत. मग त्याने हे का पेरावं? मागणी गिऱ्हाइकाकडून यायला हवी, आणि घरातलं धान्य ठरवणारं गिऱ्हाईक आपणच.

दक्षिण महाराष्ट्रातली आपली कितीतरी घरं आजही शेती करतात. घरातल्यांना सांगून खाण्यापुरते दहा गुंठे तरी या वाणाचे पेरून घ्या. बाजरी होत नसेल तर ज्वारीतही परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे जास्त लोह-जस्ताचं वाण आहे. आपल्या बोर्डिंगांमध्ये आणि भोजनशाळांमध्ये वर्षाचं धान्य एकदम भरतात. तिथल्या विश्वस्तांकडे वाणाचं नाव घेऊन मागणी करा. वयात येणाऱ्या मुली तिथे जेवतात.

बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, ही तक्रार आपल्याला नवी नाही. पिठाची तीन, पाच, सात दिवसांची मर्यादा पाळणाऱ्या घरात ताजं दळण येतच असतं. भाकरीबरोबर लिंबू घ्या आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, म्हणजे लोह अंगी लागेल.

तुमच्या घरी कुठली बाजरी येते? या आठवड्यात दुकानदाराला वाणाचं नाव विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.