पाणी कमी नाही, वाटणी खोटी आहे



उन्हाळा लागला की वरून हुकूम सुटतो. धरणे आटली, पाणी जपून वापरा! आम्ही विचारतो, जपून कोणी वापरायचे? ज्याच्या घरात चार हंडे येतात त्याने, की ज्याच्या इमारतीत पोहायचा तलाव आहे त्याने?

जरा हिशोब मांडू या. शाळा कमी शिकलो, तरी पगाराच्या चिठ्ठीत आपण फसत नाही. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी येते. माणसे दीड कोटी धरा. माणशी अडीचशे लिटर पडले! कारखाने, इस्पितळे, हॉटेले यांचे वजा करा, गळतीचे नि चोरीचे सोडा, तरी कोणी तहानलेला राहू नये.

मग नळ कोरडा का? कारण मापच दोन. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडीतल्याला ४५, असा पालिकेचा हिशोब वर्षानुवर्षे चालला. तहान काय पत्ता विचारून लागते? ज्याच्याकडे कागद नाही त्याला तेही नाही. तो पिंप विकत घेतो नि टॉवरवाल्यापेक्षा कितीतरी जास्त दाम मोजतो. आणि लालबाग-परळात आपल्या बापांनी जिथे घाम गाळला, त्या गिरण्यांच्या जमिनीवरच हे टॉवर उभे आहेत!

२०१४ साली मुंबई हायकोर्टाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, बेकायदा झोपडीतल्या माणसालाही ते नाकारता येणार नाही. २०२२ साली पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणले. धोरण चांगले आहे. पण धोरणाने हंडा भरत नाही, नळाने भरतो.

आता हे पाणी येते कुठून ते बघा. तानसा धरण १८९२ चे. ते नि भातसा, दोन्ही शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धरण उशाला नि कोरड घशाला! कोणी म्हणेल, पाड्याला दिले तर मुंबईचे कमी होईल. बंधूंनो, या भांडणात पडू नका. पाड्यावरची बाई नि वस्तीतली बाई, दोघींच्या डोक्यावर एकच हंडा आहे.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते तहानेसाठी नव्हे, हक्कासाठी. पुढे शंभरावर हुतात्म्यांच्या रक्तावर १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. तो काय नुसती नकाशावर रेघ मारायला? राज्य आपले, तर पाणीही आपले!

म्हणून आपली मागणी एकच. धरणाजवळच्या पाड्याला आधी पाणी, मुंबईत प्रत्येक वस्तीत नळ, आणि माणूस तेवढे माप. वॉर्ड कचेरीवर एकेकट्याने अर्ज घेऊन जाऊ नका. हंडे घेऊन सगळे मिळून चला.

पाण्याची समान वाटणी झालीच पाहिजे!