थरार हजार फूट वर न्या

डोंबाऱ्याच्या खेळात दोर जितका उंच, तितका धोका मोठा, हे बघ्यांतल्या शेंबड्या पोरालाही कळते. विमानाच्या कसरतीत हे गणित नेमके उलटे असते. पाच हजार फुटांवर चुकलेली गिरकी ही नुसती चुकलेली गिरकी. तीच पाचशे फुटांवर चुकली की शोकसभा. हिशेब साधा आहे. ताशी 360 किलोमीटर वेगाने सरळ खाली येणारे विमान सेकंदाला 100 मीटर अंतर कापते. पाचशे फूट म्हणजे जेमतेम 150 मीटर, हातात उरतो दीड सेकंद. खाली दीड हजार फूट असतील तर साडेचार सेकंद मिळतात. चूक ध्यानात येणे, हाताने काही करून पाहणे, ते साधत नाही म्हटल्यावर इजेक्शनचे हँडल ओढणे, हे सगळे त्या वाढीव तीन सेकंदांत बसते. दीड सेकंदात यातले पहिलेही धड बसत नाही. तरीही या पेशात मोठे होणे म्हणजे खाली येणे. अमेरिकेत एअर शो करणाऱ्या नागरी वैमानिकांना पायरीपायरीने परवानगी मिळते. नवख्याने 800 फुटांच्या खाली यायचे नाही. अनुभव वाढला, परीक्षकाची खात्री पटली की 500, मग 250, आणि सर्वांत वरच्या श्रेणीला थेट जमिनीपर्यंत मोकळीक. इतर नोकऱ्यांत बढती माणसाला वरच्या मजल्यावर नेते, इथे तळमजल्यावर आणते. ही उतरंड मोडावी आणि खाली झेपावणाऱ्या कसरतींचा तळ निदान हजार फुटांनी वर न्यावा, असे माझे मत आहे.

असे मत मांडले की पहिले उत्तर येते, नियम काय कमी आहेत? आहेत, आणि ते रक्त सांडूनच आले आहेत. पण ते बहुतेक प्रेक्षकांसाठी आहेत. 1952 साली इंग्लंडमधल्या फार्नबरोला विमान हवेतच फुटून 29 प्रेक्षक दगावले. 1988 साली जर्मनीतल्या रामश्टाइन तळावर इटालियन पथकाची विमाने एकमेकांवर आदळली आणि 70 जण गेले. 2002 साली युक्रेनमधल्या स्कनिलिव्हला सुखोई-27 गर्दीत घुसले, मृतांचा आकडा 77. अशा प्रत्येक घटनेनंतर गर्दी आणि विमान यांच्यातले अंतर वाढत गेले, गर्दीच्या दिशेने कसरत करायची नाही असे दंडक आले. छान झाले. प्रेक्षक आडव्या अंतराने सुरक्षित झाला. वैमानिकाला मात्र उभे अंतर लागते, आणि ते देताना सगळीकडे हात आखडतो.

उभ्या अंतराचा अर्थ कळायला 14 सप्टेंबर 2003चा एक अपघात पुरेसा आहे. अमेरिकी हवाई दलाच्या थंडरबर्ड्स पथकातले कॅप्टन ख्रिस स्ट्रिकलिन आयडाहोतल्या माउंटन होम तळावर स्प्लिट-एस ही कसरत करत होते. विमान वर न्यायचे, उलटे करायचे आणि अर्धा लूप खाली घेत सरळ बाहेर पडायचे. पथकाचा नेहमीचा तळ नेलिस समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर, माउंटन होम सुमारे 3,000 फुटांवर. उंचीदर्शकावरचा आकडा वाचताना त्यांच्या डोक्यात हिशेब राहिला घरच्या तळाचा. जमिनीपासून 2,500 फूट हवे होते, मिळाले सुमारे 1,670. एक बेरीज चुकली, बाकी सगळे अचूक होते. विमान आपटण्याआधी 0.8 सेकंद ते बाहेर फेकले गेले आणि वाचले. त्यानंतर पथकाने या कसरतीआधी आणखी हजार फूट वर चढण्याचा नियम केला. म्हणजे माझी मागणी काही जगावेगळी नाही. ज्यांचे विमान गेले त्यांनी ती आधीच मान्य केली. 2016 साली टेनेसीत अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्स पथकातले कॅप्टन जेफ कस याच कसरतीच्या सरावात गेले. चौकशीत निघाले की सुरुवातीचा वेग ठरल्यापेक्षा जास्त आणि उंची कमी होती. 2015 साली इंग्लंडमध्ये शोरहॅमला लूपच्या माथ्यावर 3,500 फूट लागत असताना हंटर विमान 2,700 फुटांवरच होते. खालच्या रस्त्यावरची, शो पाहायलाही न आलेली माणसे धरून 11 जण मेले.

आपल्याकडे हे परके नाही. नौदलाचे ‘सागर पवन’ पथक गोव्याच्या दाभोळी तळावरचे होते. मार्च 2010मध्ये हैदराबादच्या बेगमपेटला त्यातले एक किरण विमान खाली झेपावले ते वर आलेच नाही. एका इमारतीवर कोसळून दोन अधिकारी गेले. वायुदलाच्या ‘सूर्यकिरण’चे घर उदगीरच्या पलीकडचे बिदर. तिथल्या सरावांत 2006 आणि 2009 साली वैमानिक गमावले. 21 नोव्हेंबर 2025 रोजी दुबईत तेजसची कसरत दाखवताना विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. त्या अपघाताच्या कारणावर इथे तर्क लढवणार नाही. उंची वाढवल्याने सगळेच अपघात टळतील असेही नाही. फेब्रुवारी 2019मध्ये बंगळुरूच्या येलहंका तळावर सूर्यकिरणची दोन हॉक विमाने हवेत एकमेकांना घासली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. अशी टक्कर कितीही उंचावर होऊ शकते. औषध एका रोगावरचे आहे, सर्व रोगांवरचे नाही.

‘हे देशातले सर्वोत्तम वैमानिक, त्यांना तुम्ही काय शिकवता?’ हा आक्षेप वजनदार वाटतो खरा. पण जानेवारी 1982मध्ये नेवाडाच्या वाळवंटात थंडरबर्ड्सची चार विमाने एका रांगेत लूप घेताना जवळपास एकाच वेळी जमिनीवर आदळली. बिघाड फक्त म्होरक्याच्या विमानात होता. उरलेल्या तिघांची नजर शिस्तीप्रमाणे म्होरक्यावर होती, जमिनीवर नव्हती. कौशल्यात ते तसूभरही कमी नव्हते. ते कौशल्यच त्यांना खाली घेऊन गेले. दुसरा आक्षेप विक्रीचा. विमान विकायचे तर त्याची ताकद दाखवावी लागते. जरूर दाखवावी. पण इंजिनाचा जोर आणि वळण्याची चपळाई दीड हजार फुटांवरही जवळपास तेवढीच असते, आणि कोट्यवधींचा सौदा करणारे खरेदीदार गॉगल लावून मैदानावरून निर्णय घेत नाहीत, कागद मागतात.

राहिला थराराचा मुद्दा. आपल्या बातम्यांत हवाई कसरत ‘चित्तथरारक’च असावी लागते, दुसरे विशेषण जणू शब्दकोशात नाही. लिंकन बीची हा अमेरिकेतला पहिल्या पिढीचा नामांकित कसरतपटू. आपली नक्कल करताना इतर वैमानिक मरतात या सलाने त्याने 1913 साली निवृत्ती जाहीर केली. मग युरोपात कुणी लूप घेतल्याचे कळले आणि तो परतला. मार्च 1915मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात विमानाचे पंख तुटून तो खाडीत पडला आणि बुडाला. वय 28. याउलट बॉब हूव्हर विमान गोल फिरवत असताना एका हाताने पेल्यात चहा ओतून दाखवत, थेंब सांडत नसे. दोन्ही इंजिने बंद करून ते लूप घेत, उतरत आणि घरंगळत नेमके आपल्या जागी येऊन थांबत. हूव्हरही खाली उडत, ते नाकारत नाही. पण लोकांच्या लक्षात राहिला तो चहा, फूट नव्हेत. जानेवारी 2024मध्ये मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून सूर्यकिरण पाहणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना विमान आठशे फुटांवर आहे की अठराशे, हे सांगता आले असते? समुद्रावरच्या मोकळ्या आकाशात मोजायला खूणच नसते. पाच मीटरहून कमी अंतर राखत नऊ विमाने एकत्र वळतात, तेव्हा श्वास रोखला जातो तो त्या अंतरामुळे. सरळ रेषेतली सलामी हवी तर खालूनच जाऊ द्या, प्रश्न तिचा नाही.

अमेरिकेत हे बदलणे अवघड आहे. तिथे नागरी वैमानिक शोच्या मानधनावर आणि प्रायोजकांवर जगतो. शेजारचा 250 फुटांवर आला की याला वर राहणे परवडत नाही. आपल्याकडे असा बाजार जवळपास नाहीच. कसरती करतात ती सैन्यदले, वैमानिक काही वर्षे पथकात काढून परत आपल्या कामावर जातो, त्याच्या पगाराचा आणि कसरतीच्या उंचीचा संबंध नाही. म्हणजे एका आदेशाचे काम आहे. वायुदलाने आणि नौदलाने खाली झेपावणाऱ्या प्रत्येक कसरतीची किमान उंची हजार फुटांनी वाढवावी आणि ती उंची लोकांना जाहीर सांगावी. फोटोवाल्यांनी पुढच्या वेळी थोडी मोठी लेन्स आणावी.