कुलपे आहेत, पहारा कुठे?

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले ते ऑगस्ट २०१७ मध्ये. तो हक्क डिजिटल व्यवहारांत जपणारा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातील मुख्य बंधने पाळण्यासाठी कंपन्यांना, कार्यालयांना आणखी दीड वर्षाची मुदत मिळाली. म्हणजे हक्क मान्य होण्यापासून तो हाती पडेपर्यंत जवळजवळ दशक जाणार. विदाचोरांना मात्र अशी मुदत लागत नाही.

त्यांना लागते ती केवळ कोणाची तरी डुलकी. अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ ही कोट्यवधी लोकांच्या पतपात्रतेचा हिशेब ठेवणारी बडी कंपनी. तिच्या एका संकेतस्थळाखालच्या प्रणालीत मोठी त्रुटी असल्याचे मार्च २०१७ मध्ये जाहीर झाले, दुरुस्तीही उपलब्ध झाली. ती ४८ तासांत करा, असा आदेश कंपनीत फिरला. पण ज्या यंत्रणेवर ती करायची, ती तपासणीत सापडलीच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि ७६ दिवस वावरले. जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारे उपकरण कंपनीकडे होते; त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिने आधी संपली होती, म्हणून ते आंधळे झाले होते. जुलैअखेर प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले आणि त्याच दिवशी चोरी दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांचा तपशील गेलेला होता. भरपाई व दंडाची तडजोड ७० कोटी डॉलरपर्यंत पोहोचली.

यात पैशांची वा तंत्रज्ञानाची चणचण कुठेच नव्हती. नोंदवही अद्ययावत ठेवणे, तारखा पाहणे, काम झाले का हे पुन्हा विचारणे, ही कारकुनी कामे राहून गेली.

आपल्याकडे वेगळे काय? दिल्लीच्या ‘एम्स’वर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला. देशातील अग्रगण्य रुग्णालयात कित्येक दिवस नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. अंतर्गत जाळ्याची योग्य विभागणी नसल्याने हे घडले, असे सरकारने संसदेत सांगितले. त्याआधी २०१७ मध्ये केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थींचे आधार क्रमांक नावानिशी झळकत असल्याचे आधार प्राधिकरणानेच मान्य केले होते. तिथे कोणी कुलूप फोडले नव्हते. पारदर्शकतेच्या नावाखाली याद्या चढवल्या गेल्या आणि त्यांत काय आहे हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

नव्या कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. धाक हवाच. पण दंड चोरीनंतर होतो, आणि एकदा बाहेर पडलेली जन्मतारीख वा आजाराची नोंद परत मागवता येत नाही. शिवाय सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने याच कायद्यात स्वतःकडे ठेवला आहे. नागरिकांची सर्वाधिक माहिती ज्याच्या दप्तरी, त्यालाच सवलत मिळणार असेल तर खासगी कंपन्यांना शिस्त कोणत्या तोंडाने लावणार?

उरलेल्या मुदतीत प्रत्येक महापालिका, विद्यापीठ व रुग्णालयाने आपल्याकडे कोणती माहिती आहे, ती कोण उघडू शकतो आणि कोणती नष्ट करायला हवी, याची यादी करावी. ती दरमहा तपासणारा जबाबदार अधिकारी नेमावा, त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. राज्य सरकारने याची सुरुवात स्वतःच्या खात्यांपासून करायला हरकत नाही.