जिल्हा आणि सिमेंटचीं पोतीं

बॅ. अंतुल्यांचा विषय निघाला कीं मालवणांतील आमचे सुज्ञ मित्र एकच उत्तर देतात: 'त्यांनीं आम्हांस जिल्हा दिला!' दिला खरा. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तेव्हां तेच मुख्यमंत्री होते. त्यांची तडफही आम्ही नाकारीत नाहीं. पण जिल्हा कोणाच्या पदरचा होता काय?

सिमेंट दुर्मिळ व नियंत्रित असतां तें बिल्डरांस मिळावें आणि बिल्डरांच्या देणग्या 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठाना'स पोंचाव्या, ह्या दोहोंत संबंध आहे, असा निर्णय न्यायमूर्ति लेंटिन यांनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत जानेवारी १९८२ मध्यें दिला, आणि मुख्यमंत्रिपद गेलें. फौजदारी शिक्षा झाली नाहीं, हें मित्र आवर्जून सांगतात. झाली नाहीं, हें आम्हांसही ठाऊक आहे! खटला ह्या न्यायालयांतून त्या न्यायालयांत फिरला. १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो उच्च न्यायालयाकडे सोंपविण्याचा स्वतःचाच आदेश रद्द केला. पुढें हेच गृहस्थ केंद्रांत मंत्रीही झाले. ह्यास निर्दोषत्व म्हणावयाचें असेल तर म्हणोत बापडे.

त्या काळीं आमच्या किनाऱ्यावर चिऱ्याच्या घरास गिलावा करावयाचा तरी सिमेंटाच्या परमिटासाठीं कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. मुंबईस वळलेल्या पोत्यांत आपल्याही वाट्याचीं चार होतीं, हें ह्या कृतज्ञ मंडळींस कधींच कसें आठवत नाहीं?