एसएसडीला काय हवं असतं

जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली की रडतखडत सुरू होणारं मशीन काही सेकंदांत कामाला लागतं. ओळखीच्या घरांमध्ये हे काम मी हौसेनं करते. महिन्याभरात त्या घरातून हमखास फोन येतो. आता हिची निगा कशी राखायची? डीफ्रॅग कधी करायचं? फाइली जास्त सेव्ह केल्या तर ती लवकर झिजेल का?

हे विचारणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, कारण आत काय साठवलंय याची त्यांना कदर असते. पण निगा राखण्याच्या आपल्या साऱ्या सवयी हार्ड डिस्कच्या काळातल्या आहेत. तिथे तबकडी फिरते, तिच्यावरून हेड सरकतं. एका फाइलचे तुकडे इकडेतिकडे विखुरले की हेडची धावपळ वाढते, म्हणून ते एकत्र आणायचे, तेच डीफ्रॅग. एसएसडीत हलणारं काहीच नाही. तुकडा कुठेही असला तरी तो शोधायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. डीफ्रॅगनं तिथे फारसं काही साधत नाही, उलट विनाकारण लिहिणं वाढतं.

लिहिण्याचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. तोशिबा कंपनीतले इंजिनिअर फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधून काढली. आजच्या एसएसडीत तिचा जो नँड हा प्रकार वापरतात, तो त्यांनी १९८७ साली मांडला. तिच्या प्रत्येक सूक्ष्म पेशीत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात, भोवती विद्युतरोधक थर असतो. लिहिताना आणि पुसताना जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनना या थरातून पार करावं लागतं आणि दर वेळी तो थर किंचित खराब होतो. एका पेशीत एकच बिट ठेवला तर ती लाखभर वेळा पुसून लिहिता येते. घरगुती एसएसडीत जागा वाढवायला आणि किंमत उतरवायला एका पेशीत तीन बिट कोंबतात, तिथे हा आकडा एक ते तीन हजारांवर येतो. चार बिटांच्या स्वस्त ड्राइव्हमध्ये तो आणखी खाली जातो.

त्यात आणखी एक अडचण. समजा, पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण पुसायची तर अख्खी पाटीच पुसावी लागते. नँडचं असंच आहे. म्हणून एखादी फाइल बदलली की ड्राइव्हमधला कंट्रोलर जुन्या जागी हात लावत नाही. नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या जागी लिहितो आणि जुना बाद ठरवतो. सवड मिळाली की ज्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एकदम पुसल्या जाणाऱ्या पाटीत, बाद मजकूर बराच साठलाय, त्यातला कामाचा भाग हलवून तो ब्लॉक पुसून ठेवतो. एकाच जागेवर भार पडू नये म्हणून सगळ्या पेशी आळीपाळीनं वापरतो. ही खरी देखभाल, आणि ती ड्राइव्ह स्वतःच करते. आपण फक्त तिच्या आड यायचं नाही.

आड न येणं म्हणजे पहिल्यांदा मोकळी जागा ठेवणं. ड्राइव्ह काठोकाठ भरली की कंट्रोलरला हलवाहलवीला वाव उरत नाही. मग एक फाइल लिहायला त्याला आतल्या आत चार फाइली हलवाव्या लागतात. वेग पडतो आणि झीजही वाढते. दहा-वीस टक्के जागा रिकामी असावी, एवढा आग्रह मी सगळ्यांकडे धरते.

दुसरी गोष्ट ट्रिमची. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा विंडोज फक्त स्वतःच्या नोंदवहीत ती जागा मोकळी झाल्याचं लिहितं. ड्राइव्हला हे कळवलं नाही तर ती बिचारी डिलीट झालेला मजकूरही जपून इकडून तिकडे हलवत बसते. ते कळवणारी आज्ञा म्हणजे ट्रिम. विंडोजमध्ये ती २००९च्या विंडोज ७पासून आहे आणि हल्लीच्या विंडोजमध्ये आठवड्याला आपोआप चालते. उबंटूतही तशीच साप्ताहिक सोय असते. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ टाइप केल्यावर उघडणाऱ्या खिडकीत आपल्या ड्राइव्हपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय ना आणि आठवड्याचं वेळापत्रक चालू आहे ना, एवढं पाहावं. तिथलं ‘ऑप्टिमाइझ’ हे बटण एसएसडी ओळखून ट्रिमच पाठवतं, त्याला घाबरायचं कारण नाही. वेग वाढवून देतो म्हणणारी फुकट क्लीनर सॉफ्टवेअर मात्र मी दिसली की काढून टाकते.

झिजण्याची भीती बाकी फार फुगवलेली आहे. सॅमसंगच्या ८७० इव्हो मालिकेतल्या ५०० जीबीच्या ड्राइव्हला कंपनी ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. रोज ३० जीबी लिहिलं तरी ती मर्यादा गाठायला सत्तावीस वर्षं लागतील, आणि घरकामात एवढं क्वचितच लिहिलं जातं. ‘टेक रिपोर्ट’ या वेबसाइटनं २०१३ ते २०१५ या काळात सहा घरगुती ड्राइव्ह मरेपर्यंत सतत लिहून पाहिल्या. सहाही ड्राइव्हनी ७०० टेराबाइटचा टप्पा ओलांडला, दोन तर २,००० टेराबाइटच्या पुढे गेल्या. तेव्हा लिहिणं वाचवण्यासाठी कुठल्या कुठल्या सेटिंग बंद करत बसण्यात अर्थ नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. आपल्याकडे लाइट जाते, तीही नेमकी काम चालू असताना. कुठला मजकूर कुठे ठेवलाय याचा नकाशा कंट्रोलर सतत बदलत असतो, आणि वीज अचानक गेली तरी काम पुरं करता येईल एवढे कपॅसिटर बहुतेक घरगुती ड्राइव्हमध्ये नसतात. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरला छोटा यूपीएस हवाच. एसएसडीसाठी करण्याजोगा यापेक्षा चांगला खर्च मला माहीत नाही.

त्याहून मोठी काळजी कपाटातल्या ड्राइव्हची. लग्नाचे, बारशाचे, आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो एका एसएसडीवर घालायचे आणि ती कपाटात ठेवून द्यायची, ही पद्धत आता घरोघरी दिसते. कोंडलेले इलेक्ट्रॉन मात्र हळूहळू निसटत असतात. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीनं आपलं ठरलेलं लिहिण्याचं आयुष्य संपताना, वीज नसताना, ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर टिकवायला हवा. नवी ड्राइव्ह याहून बरीच जास्त टिकवते. पण तापमान वाढलं की ही मुदत झपाट्यानं घटते, आणि चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतल्या लोखंडी कपाटाचं काय होत असेल? वर्षानुवर्षं नुसतं पडून राहणाऱ्या फोटोंसाठी साधी हार्ड डिस्कच बरी. एसएसडीवरच ठेवायचे असतील तर दर काही महिन्यांनी ती जोडून थोडा वेळ चालू ठेवावी, आणि जुन्या फाइली अधूनमधून नव्यानं कॉपी कराव्यात.

हार्ड डिस्क मरण्याआधी बहुधा करकरते, अडखळते. एसएसडी पुष्कळदा काहीच सांगत नाही. रात्री नीट बंद झालेली सकाळी बायॉसमध्ये दिसतच नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तिच्या तब्येतीचे टक्के दिसतात आणि ते महिन्यातून एकदा पाहणं चांगलंच. पण ते टक्के झिजेचे असतात, कंट्रोलर कधी दगा देईल हे त्यातून कळत नाही. दोष कधी फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येही असतो. एचपीई या कंपनीनं २०१९च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता, की फर्मवेअर बदललं नाही तर ३२,७६८ तास चालून झाल्यावर त्या बंद पडतील आणि त्यांतला मजकूरही जाईल. म्हणजे साधारण पावणेचार वर्षं. घरगुती ड्राइव्हसाठीही कंपन्या फर्मवेअरचे अपडेट काढत असतात. आधी बॅकअप घेऊन मगच ते टाकावेत.

बिघडलेल्या एसएसडीतून मजकूर परत मिळवणं अवघड आणि महाग असतं. ट्रिम होऊन गेलेली फाइल तर सहसा परत येतच नाही. म्हणून फोटोंच्या आणि कागदपत्रांच्या निदान दोन प्रती वेगळ्या ड्राइव्हवर असाव्यात, त्यातली एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा मुलाकडे. आणि कॉपी पुरी झाल्याची पट्टी दिसली म्हणून तिथेच थांबू नये. ती ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले दोन-चार जुने फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहावा.